विमान कुणाच्या हातात होतं

माझी विचारपूस करायला जो कुणी आमच्या घरी यायचा, त्याला आधी चहा मिळायचा आणि मग एक वाक्य मिळायचं: "इनामदार सर शेजारी होते म्हणून पोरगी वाचली बघा." हे वाक्य माझ्या वडिलांचं, आप्पांचं. मी आतल्या खोलीत पाठीला पट्टा बांधून उताणी पडलेली असायची आणि ते मला रोज ऐकू यायचं. पाठीचं दुखणं परवडलं पण हे ऐकणं नको, असं मला कितीदा तरी वाटलं.

मणका मोडून पडलेल्यांसाठी आणि त्यांचं करणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. धीर देणारं लिखाण हवं असेल तर ते इतरत्र पुष्कळ मिळतं. दुखण्यात माणूस सोशिक होतो, त्याला आयुष्याची किंमत कळते, असं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मी आधीच तापट होते, पडल्यापडल्या आणखी तापट झाले, आणि त्या तापटपणानेच मला उभं केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

सगळ्या आजारपणात मला एकच गोष्ट हवी होती. विमान जमिनीला टेकताना ते कुणाच्या हातात होतं, हे जसं घडलं तसं तोंडाने बोललं जावं. माझ्या सोयीचं नको आणि सरांच्याही सोयीचं नको.

आपला माणूस

आम्ही मूळचे निपाणीकडचे. आप्पा नोकरीसाठी बेंगळुरूला आले ते बनशंकरीत कायमचे राहिले. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड अशी आमची वाटणी. मी मारतहळ्ळीच्या एका कंपनीत काम करते. तिथे दिवसभर इंग्रजी आणि हिंदी. सुट्टीच्या दिवशी मी शहराबाहेरच्या एका छोट्या शाळेत विमान चालवायला शिकत होते. का, असं मला विचारू नका. पुरुषांना हे कुणी विचारत नाही.

तिथले इनामदार सर निपाणीजवळच्या गावचे निघाले. आडनाव ऐकून म्हणाले, "म्हणजे तू आपलीच की गं." पुढच्याच आठवड्यात ते आमच्याकडे जेवायला आले. आप्पांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं. एवढ्या मोठ्या शहरात, तेही विमानाच्या शाळेत, आपल्याकडचा माणूस भेटला याचं त्यांना कोण कौतुक. मलाही होतं. वर आभाळात शेजारी बसलेला माणूस माझ्या आईसारखं मराठी बोलतो, याचा मला फार आधार वाटायचा.

शिकायच्या विमानात दोन जागा शेजारी-शेजारी असतात आणि दोघांपुढे एकेक कंट्रोल असतो. दोन्ही आतून जोडलेले. एकाने ओढला की दुसऱ्याचाही हलतो. म्हणूनच या धंद्यात एक कडक नियम आहे. विमान हातात घेताना आणि देताना ठरलेले इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणायचे, आणि समोरच्याने ते परत म्हणायचे. माझ्याकडे आहे. हो, तुझ्याकडे आहे. मग हात काढायचा. लहान मुलांच्या खेळासारखं वाटतं, पण यावर जीव असतो.

इतर विद्यार्थ्यांबरोबर सर हे न चुकता म्हणायचे. माझ्याबरोबर म्हणायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर हसले. "घरच्या माणसाला काय सांगायचं? हात लावला की कळतंय की तुला." आणि मला ते आवडलं. बाकीचे परके, मी घरची.

त्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. वारा नव्हता, ढग नव्हते, दोष द्यायला काहीही नव्हतं. चाकं टेकायच्या जरा आधी कंट्रोल हळूहळू आपल्याकडे ओढायचा असतो, म्हणजे नाक वर राहतं आणि मागची चाकं आधी टेकतात. मी ओढत होते. एकाएकी कंट्रोल माझ्या ओढण्याहून जास्त मागे आला. सरांनी घेतलं, असं मी समजले आणि हात सैल सोडला. सरांनी तो एक झटका दिला असावा आणि माझ्याकडेच आहे असं समजून त्यांनीही सोडला. विमान जरासं वर उचललं गेलं, तिथे थबकलं आणि नाकावर पडलं. पुढचं चाक मोडलं. आम्ही धावपट्टीवरून घसरत गवतात गेलो.

म्हणजे शेवटच्या क्षणी ते विमान कुणाच्याच हातात नव्हतं. एवढंच सत्य आहे, आणि ते सांगायला मला किती भांडावं लागलं ते पुढे येईल.

एक गोष्ट मात्र मान्य करते. माणसं धावत आली आणि मला ओढून बाहेर काढायला लागली, तेव्हा सर कपाळातून रक्त गळत असताना ओरडले, "तिला वाकवू नका, फळी आणा." माझे पाय शाबूत आहेत त्यात त्या ओरडण्याचा वाटा असेल. ते त्यांचं देणं मी मानते. पण एका देण्यात दुसरं फिटत नाही.

बारीक चीर

हॉस्पिटलात मला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरकवलं. उजवं मनगट मोडलं होतं, विमानातल्या सीटच्या पट्ट्याने गळ्याजवळचं डावं हाड मोडलं होतं, आणि पाठीचं अजून कळायचं होतं. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात आप्पांशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलले. आप्पा आत आले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही न्हाई गं. मणक्याला बारीक चीर हाय." आई मागे उभी राहून पदराने नाक पुसत होती.

बारीक चिरेला कुणी रडतं का? पण मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला.

मणका फुटलाय आणि त्याचा तुकडा आत मज्जारज्जूकडे सरकलाय, हे मला ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडून कळलं. मला माहीत असेलच असं धरून त्या सहज बोलून गेल्या. मग माझं तोंड बघून थांबल्या. तोवर एकजण माझ्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचून विचारत होता, लागतंय का, आणि मला ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याला टोचल्यासारखं लागत होतं.

मी भ्याले. इतकी भ्याले की दात वाजायला लागले. नळ्या लावलेल्या, हात बांधलेले, कुणाचा हात धरायचीही सोय नव्हती. नेताना आप्पा खाटेबरोबर चालत होते, त्यांना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"भिशील म्हणून सांगितलो न्हाई."

"पाय माझे आहेत, आप्पा."

ऑपरेशनच्या खोलीपाशी त्यांना थांबवलं. दार बंद झालं.

जाग आली तेव्हा पाठीत स्क्रू आणि सळया होत्या. डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितलं. मी हलवला. हलला. या आजारपणातलं निखळ सुख म्हणाल तर हे एकच.

पेशंटच्या घरच्यांना माझं सांगणं आहे. लपवू नका. तुम्ही आमच्या भीतीसाठी लपवत नाही, तुमच्या भीतीसाठी लपवता. आम्हाला परक्याच्या तोंडून कळतं तेव्हा मणक्याबरोबर आणखीही काही मोडतं.

सांगून हात लाव

मणक्याच्या पेशंटला कुशीवर वळवणं हा एक सोहळा असतो. अंग ओंडक्यासारखं, खांदा, कंबर, पाय एकदम वळवायचे. एक जरी मागेपुढे झालं तर काय होतं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, शिव्या आहेत.

पहिल्यांदा वळवताना भाग्या सिस्टर खांद्याशी होत्या, वॉर्डमधली दुसरी बाई कमरेशी, आणि "मी धरते की पाय" म्हणत आई पायाशी. आईने माया केली. लेकीला त्रास नको म्हणून तिने सगळ्यांच्या आधी, हळूच, न सांगता पाय उचलले. मी जे ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"सांगून हात लाव. मला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही कुणी."

आई रडत बाहेर गेली. आप्पा म्हणाले, "आईवर ओरडतीस? तुझ्यासाठीच करालीय की ती." मला हेही माहीत होतं. पण माझ्यासाठी न सांगता केलेल्या गोष्टींनीच मी या खाटेवर आले होते, आणि हे मी म्हणू शकत नव्हते कारण कुणी ऐकायला तयार नव्हतं.

भाग्या सिस्टरची मी माफी मागितली. त्या मंड्याकडच्या, बोलायला फटकळ. "सिट्टु बरली, परवागिल्ला," म्हणाल्या. राग येऊ दे, हरकत नाही. सगळ्या हॉस्पिटलात मला शांत राहा असं न सांगणारी ती एकटी बाई. पुढे आमचं ठरलं: खांद्याशी असेल तिने तीनपर्यंत मोजायचं, बाकीच्यांनी आधी "धरलं" म्हणायचं. आईलाही म्हणायला लागायचं. ती रुसक्या आवाजात म्हणायची, पण म्हणायची. पाठीचं दुखणं असलेल्यांनी एवढं तरी करून घ्या. लाजू नका.

भेटायला येणारे

ऑफिसातली पुण्याची मैत्रीण आली. "लिटरली मिरॅकल आहे गं हे," असं तीनदा म्हणाली आणि मग माझ्या कामाचं सध्या कोण बघतंय ते सांगून गेली. शेजारच्या अक्का आईला म्हणाल्या, आता तरी हिच्या लग्नाचं बघा. मोडलेल्या मणक्याला त्या उपाय सांगत होत्या की शिक्षा, मला कळलं नाही.

सगळ्यांना आप्पा तेच सांगायचे. सर होते म्हणून वाचली. मग त्या गोष्टीला फांद्या फुटायला लागल्या. सरांनी शेवटच्या क्षणी विमान सावरलं. सरांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. एक दिवस तर म्हणाले, "सरांचा फोन आलता. तुझ्याकडनं जरा जास्त ओढलं गेलं म्हणाले. खरं तुला एक शब्द बोलले न्हाईत बघ. मन मोठं हाय माणसाचं."

मी म्हणाले, "मी नाही ओढलं, आप्पा. त्यांनी ओढलं. न सांगता. आणि मी सोडलं, कारण त्यांनी घेतलं असं मला वाटलं."

"तू बेशुद्ध होतीस की."

"नव्हते."

"धक्क्यानं माणसाला उलटसुलट आठवतंय. डॉक्टरच म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी जोरात म्हणाले, "मी तिथे होते. तुम्ही नव्हता." त्यावर आप्पांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्यावर हातच उगारलाय. दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. जेवलीस काय, गोळी घेतलीस काय.

तेव्हा मला त्यांचा संताप आला होता, आजही थोडा आहे. पण त्या गोष्टीवाचून त्यांचं चाललं नसतं, हेही मला आता समजतं. ज्या माणसाला त्यांनी आपल्या ताटाशेजारी बसवून वाढलं, ज्याच्या भरवशावर लेक आभाळात सोडली, त्याने ती पाडली असं म्हणायचं तर आप्पांना स्वतःकडेही बघावं लागलं असतं.

पट्टा

घरी सोडलं तेव्हा हॉस्पिटलने दिलेला पट्टा काखेत रुतायचा. आप्पा तो घेऊन रिक्षाने इथल्या शिवाजीनगरला गेले आणि असले पट्टे दुरुस्त करणाऱ्या दुकानात बसून कडा कापून, आतून मऊ कापड लावून आणला. भर उन्हात गेले आणि आले. मला घालून बघितला, दोन बोटं आत घालून कुठे रुततंय का ते तपासलं.  पट्टा छान बसला. मी "बरा झालाय" एवढंच म्हणाले. आमच्या घरात प्रेम असंच चालतं, मुक्याने, आणि त्याचाच मला वीट आला होता.

सर आले

अपघाताची चौकशी करणारे अधिकारी मला फोन करणार असा निरोप आला. त्याच्या आदल्या दिवशी इनामदार सर घरी आले. कपाळावर टाक्यांची खूण, हातात डाळिंबं. आप्पांनी खुर्ची माझ्या खाटेजवळ आणून ठेवली आणि स्वतः दाराशी उभे राहिले.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी सरळ विचारलं. "सर, टेकताना कंट्रोल तुम्ही ओढलात ना?"

"काय गं हे. बरी हो आधी."

"ओढलात का नाही?"

सर डाळिंबांच्या पिशवीकडे बघत राहिले. म्हणाले, "मला खरंच माहीत न्हाई. इतकी वर्षं शिकवतोय. उतरताना हात तिथं असतातच माझे. कधी लावले, कधी काढले, मला कळतही न्हाई आता."

मला वाटलं होतं ते खोटं बोलतील. ते खोटं बोलले नाहीत, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

"मग त्या अधिकाऱ्यांना हेच सांगा."

"मी सांगितलंय ते सांगितलंय. माझे हात नव्हते म्हणून." त्यांनी आवाज खाली केला. "तुझी नोकरी आहे, तुझं वय आहे. तू शिकाऊ होतीस, शिकणाऱ्याला कोण काही म्हणत न्हाई. मला हे एकच येतंय. जरा सांभाळून घे. आपण काय परके आहोत काय?"

"तुमच्याबरोबर उद्या कोण उडणार आहे?"

त्यांनी डाळिंबांची पिशवी खाटेवर ठेवली. मी म्हणाले, "परकी असते तर तुम्ही मला सांगून हात लावला असता. मी अशी पडले नसते."

सर उठले. आप्पा त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर दारातून म्हणाले, "घरी आलेल्या माणसाला असं बोलतीस? आपला माणूस हाय. उद्या त्यांना आठवत न्हाई म्हणून सांग. तुझं काय जातंय?"

मी भिंतीकडे बघत पडून राहिले. वळून पाठ फिरवायचीही सोय नव्हती.

फोन

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा आई देवळात गेली होती. माझा एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा झोळीत. स्पीकरवर घ्या म्हटलं, पण खाली रस्ता खणायचं काम चालू होतं, त्या यंत्रापुढे काही ऐकू येईना. घरात आप्पाच होते. खिडकी लावून ते खाटेच्या कडेला बसले आणि फोन माझ्या कानाला धरून राहिले.

अधिकाऱ्यांचा आवाज खणखणीत होता. इंग्रजीत विचारत होते, पण आप्पांना कामापुरती इंग्रजी येते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. नाव, वय, किती शिकून झालं होतं, हवा कशी होती. मी उत्तरं देत गेले. आप्पांची बोटं माझ्या गालाला लागत होती. गार होती.

मग अधिकाऱ्यांनी विचारलं, जमिनीला टेकताना कंट्रोल कुणाकडे होता?

आप्पांचा हात खाली आला. फोन कानावरून सरकला. मला वाटलं, आता ते तो बाजूला घेणार, कट झाला म्हणणार, आणि मी काही करू शकणार नाही. पलीकडून "हॅलो, हॅलो" लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पायाशी काढून ठेवलेल्या पट्ट्याकडे बघत होते. मग त्यांनी दुसरा हात मनगटाखाली लावला आणि फोन पुन्हा माझ्या कानाशी नीट टेकवला.

मी सांगितलं. सरांनी न सांगता ओढलं. मी न विचारता सोडलं. त्यांनीही सोडलं. माझ्याबरोबर ते ठरलेले शब्द कधीच म्हणत नसत, आणि मीही ते चालवून घेतलं. अधिकाऱ्यांनी एक वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणाले.

फोन संपल्यावर आप्पांनी तो शर्टाला पुसला. "पाणी पाहिजे काय?" म्हणाले. मी नको म्हटलं. ते बाहेरच्या खोलीत गेले.  मग मला त्यांनी फोन लावल्याचं कळलं, कारण आप्पा फोनवर नेहमीच मोठ्याने बोलतात.

"सर, नमस्कार. आत्ता त्यांचा फोन आलता. पोरगी सांगितली बघा त्यांना सगळं. तुम्ही न बोलता ओढलात म्हणून सांगितली, आणि स्वतः सोडली तेबी सांगितली." मग बराच वेळ ते ऐकत राहिले.

"न्हाई सर. तिला काय म्हणू नका. तिचे हात बांधलेत. तिच्या कानाला फोन मीच धरलो होतो."